हद्दीबाहेरची सहा घरं

हॅलो? … हो, पाणीमंडळाचं ऑफिस. बोला. … अगं ताई, तू होय. आवाज ओळखूच आला नाही. लाँड्रीतल्या फोनवरून करतेयस का? … तरीच. मागे मशीन घरघरतंय तुझं. … नाही नाही, जेवायचीच सुट्टी आहे, बोल. फक्त जरा मोठ्यानं. खाली पंप चालू आहे. तो लागला की आमची अख्खी खोली हलते, कपातला चहासुद्धा थरथरतो.

… हो, आज चारला. तुझा अर्ज पहिलाच आहे. अगं, सुनावणीची नोटीस मीच तर टाइप केली.

… किती चादरी? … चाळीस. चाळीसच्या चाळीस पिवळ्या? … आणि हॉस्पिटलची मेट्रन काय म्हणाली? … सोमवारपर्यंत पांढऱ्या, नाहीतर दुसरी लाँड्री. … नाही गं, तिलाही वरून कुणीतरी बोलत असणार. पेशंटला पिवळ्या चादरीवर कसं झोपवायचं तिनं. … हो, सोमवार म्हणजे आलाच की. बोअरला अजून तेवढाच गाळ येतोय? … बादली भरून ठेवली की तळाला बोटभर लाल माती. हं. … ऐकतेय. ऐकतेय गं मी.

… हो, चादरी गेल्या की लाँड्री गेली, माहितीये मला. सुट्या शर्ट-पँटींवर दोन बायकांचे पगार निघत नाहीत. … टँकर तरी किती दिवस परवडणार. … हो.

… परत सांगू? अगं ऐक ना, किती वेळा सांगितलं. तुमची गल्ली मंडळाच्या हद्दीबाहेर आहे. सहाच्या सहा घरं. आणि हद्दीबाहेर मंडळाला पेलाभर पाणी देता येत नाही. … हो, माहितीये, पाइप तुमच्या गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबलाय. रोज येताजाता बघतेस, माहितीये. … अगं कायदाच तसा आहे. आम्ही रस्ता उकरू शकतो, टाकीसाठी कुणाची जागा घेऊ शकतो, पाणीपट्टी थकवली तर नळ तोडू शकतो, घरावर बोजा चढवू शकतो. पाहिजे ते करू शकतो. पण रेघेच्या पलीकडे एक नळ देऊ शकत नाही. … कोण म्हणतं शहाणपणाचं आहे? मी नाही म्हणत.

… कारण कर्ज. टाकी, पंप, एवढे पाइप काय आभाळातून पडले? मंडळानं रोखे काढले, वीस वर्षांचे. ते फेडायचे हद्दीतल्या घरांच्या पट्टीतून. ज्यांनी रोखे घेतले त्यांना नकाशा दाखवून सांगितलं, ही चौऱ्याऐंशी घरं, ही तुमच्या पैशाची हमी. आता मध्येच पंच्याऐंशीवं घर आत घ्यायचं तर चौऱ्याऐंशी घरांचं मत लागतं. आणि मत घेणार पुढच्या निवडणुकीला. दोन वर्षांनी. … हो, तोवर चादरी थांबत नाहीत, कळतंय मला.

… हो, ती दुसरी वाट आहे ना, तीच तर तू धरलीयस. मंडळ स्थापन होताना ज्यानं लेखी संमती दिली होती आणि तरी ज्याचं घर बाहेर राहिलं, त्याला मंडळ आपल्या अधिकारात आत घेऊ शकतं. मतबित काही नको. मागच्या सहा वर्षांचा वाटा हप्त्यानं भरायचा, की झालं. पुढच्या आठवड्यात नळ. … फक्त ते संमतीपत्र दाखवावं लागतं.

… दिलं होतंस. … माझ्याच हातात दिलंस. हो. … नाही, विसरले नाहीये.

… काल अध्यक्षांनी फाइल मागवली होती. पान न पान बघितलं. छप्पन्न संमतीपत्रं आहेत, तुझं नाही. … शोधते ना. … अगं सहा वर्षं झाली, मध्ये ऑफिस एकदा हललं, एकदा कपाटात पाणी शिरलं… हो, पाणीमंडळाच्या कपाटात पाणी. हस, हस. गावानंही हसून घेतलं तेव्हा.

थांब हां एक मिनिट. — काका, तो मीटर टेबलावर नका ठेवू, ओला आहे. खाली, खाली. … तक्रार लिहून घेते, दोन मिनिटं बसा बाहेर. — हं, बोल ताई. … नाही, एक गिऱ्हाईक. मीटर उलटा फिरतो म्हणतोय. तक्रार करायला आलाय, एवढा प्रामाणिक माणूस मी पहिल्यांदाच बघतेय.

… काय? कुणी मोजला? … तुझा प्लंबर. … कोपऱ्यावरच्या शेवटच्या नळाला दाबाचं घड्याळ लावून? ताई, तो मंडळाचा नळ आहे, असं कुणीही उठून… बरं, बरं. मोजला तर मोजला. किती आला दाब? … एवढा? … तुझ्या दुसऱ्या मजल्यापर्यंत चढेल म्हणाला. … हं. … नाही, काही नाही.

… कोण खोटारडा? … ताई, हळू. बायका ऐकत असतील तुझ्या. … ‘गल्लीला चढ आहे, दाब पोचणार नाही’, म्हणून गल्ली वगळली. हो. तसं… म्हणजे मीच तुला सांगितलं होतं, आमचे इंजिनिअरसाहेब तसं म्हणाले म्हणून. … हो.

… चारला? सगळ्यांसमोर? … अगं पण ते रिटायर होऊन दोन वर्षं झाली, आता कशाला त्या माणसाला… प्लंबरला साक्षीला आणणार. घड्याळासकट. … ताई, असं करू नकोस. … नाही, बाजू नाही घेत त्यांची. … त्यांना बोलावलंय? कुणी बोलावलं? … अध्यक्षांनी. मला कसं नाही कळलं. … अच्छा, तू सकाळी घरी गेलीस अध्यक्षांच्या. … आणि ते येतो म्हणाले? … काही विचारलंसुद्धा नाही, नुसतं येतो म्हणाले.

… हो, माहितीये तू त्यांचे कपडे घेत नाहीस. सहा वर्षं. … समोर राहतात तुझ्या, रस्त्यापलीकडे, हद्दीत, आणि पिशवी घेऊन दोन स्टॉप लांब जातात इस्त्रीला, हेही माहितीये. बसमधून दिसतात ना मला. पाऊस असो, ऊन असो. … परवा माझ्या शेजारच्याच सीटवर होते. कॉलर एकीकडे वर, एकीकडे खाली. मला म्हणाले, तुमच्या बहिणीचा राग कशावरून आहे हो माझ्यावर, मला अजून उमगलं नाही. … मी? मीच पुढच्या स्टॉपला उतरले. माझा स्टॉपही नव्हता तो. चालत आले तिथून.

… उमगलं नाही म्हणजे सोंग नाही गं. … नाही ताई. त्यांना खरंच माहीत नाही.

… मला कसं माहीत? … ताई, थांब. नाही, तू थांब जरा. मला एक बोलायचंय. … नंतर नाही, आत्ताच. चारच्या आधी. … एक मिनिट, खिडकी लावून घेते.

हं. … ऐक. आणि मध्ये बोलू नकोस, नाहीतर माझ्याच्यानं होणार नाही. इंजिनिअरसाहेब तसं म्हणालेच नव्हते. … दाबाचं. चढाचं. काहीच नाही म्हणाले. … त्यांच्या नकाशात तुमची गल्ली होती. … आत. आतच गं. सहाही घरं. शेवटच्या घरापर्यंत पाइप काढला होता त्यांनी, निळ्या पेन्सिलीनं.

… मी बाहेर काढली. … मी म्हणजे मी. … नाही, अध्यक्षांनी नुसती सही केली. ते तर डोक्याला हात लावून बसले होते.

… का म्हणजे… ऐक ना. एकूण घरं होती नव्वद. मंडळ व्हायला दोन तृतीयांश घरांची संमती लागते. म्हणजे साठ. आमच्याकडे होते सत्तावन्न कागद. आणि अर्ज द्यायची मुदत त्याच दिवशी पाचला संपत होती. … तीन कमी. फक्त तीन. दोन महिने मी घरोघर फिरले होते, चपला झिजल्या माझ्या. तुमच्या गल्लीतल्या पाच घरांनी तोंडावर दार लावलं. आमच्या बोअरला भरपूर पाणी आहे, घरावर बोजा कशाला चढवून घेऊ, म्हणाले. तू एकटीनं सही दिलीस. भावोजी नको नको म्हणत असताना. … हो, आठवतं. माझ्याच पाठीवर कागद ठेवून केलीस सही.

तर मी त्या नकाशाकडे बघत बसले होते. आणि एकदम डोक्यात आलं. तुमची गल्ली अगदी कडेला. ती काढली तर घरं उरतात चौऱ्याऐंशी. चौऱ्याऐंशींना लागतात छप्पन्न. आणि सत्तावन्नातलं तुझं एक गेलं की हातात राहतात… हो. छप्पन्न. एक कमी नाही, एक जास्त नाही. … आनंद झाला मला, ताई. खोटं कशाला सांगू. तेव्हा तू मनातसुद्धा आली नाहीस. कोडं सुटल्यासारखं वाटलं. खोडरबर घेतलं, तुमची गल्ली पुसली, पट्टीनं नवीन रेघ ओढली. साडेचार वाजले होते. अध्यक्ष म्हणाले, असं चालतं? मी म्हणाले, अर्ज देईपर्यंत चालतं. आणि खरंच चालतं. त्यात बेकायदा काही नव्हतं.

… नाही, बरोबर. बेकायदा नव्हतं म्हणजे बरोबर होतं असं नाही म्हणतेय मी.

… तुझा कागद? … फाइलमधून काढून घेतला. ठेवला असता तर कुणीतरी विचारलं असतं, हद्दीबाहेरच्या घराची संमती इथे कशी. … फाडला नाही. … माझ्याच्यानं फाडवला नाही. … आहे. … इथेच. माझ्या ड्रॉवरमध्ये, पावतीपुस्तकांच्या खाली. … हो, कालसुद्धा होता. काल अध्यक्ष पान न पान बघत होते ना, तेव्हा ड्रॉवर माझ्या गुडघ्याला टेकलेला होता. मी त्यांना म्हणाले, साहेब, नसेल दिला तिनं. … हो. असं म्हणाले. तुझ्याबद्दल.

… ताई? … हॅलो? … आहेस का? … मशीन बंद केलंस ना. कळलं मला.

… त्याच संध्याकाळी, मी घरी यायच्या आधीच तू ऑफिसात फोन केलास, आठवतं? ‘झालं का गं मंडळ, मिळणार का नळ’ म्हणून. तेव्हा काय सांगू तुला? पटकन तोंडात आलं ते सांगितलं. … त्यांचंच नाव का? … कारण ते कधी भांडायला येणार नाहीत म्हणून. अध्यक्षांचं घेतलं असतं तर तासाभरात बिंग फुटलं असतं. गरीब माणूस बघून त्याच्या डोक्यावर ठेवलं मी. … हो. ठरवून नाही, पण तसंच झालं.

… त्यांनी विचारलं होतं मला. नकाशा मंजूर होऊन आल्यावर. म्हणाले, ही गल्ली का गेली बाहेर? मी म्हणाले, लोकांना नको होतं. पाच घरांना नकोच होतं, म्हणून धड खोटंही नव्हतं ते. तर म्हणाले, वाईट झालं, तिथलं पाणी सात-आठ वर्षांत आटणार. … हो. असं म्हणाले होते. आणि मी त्यांना चहा दिला.

… तेव्हापासून तू माझ्याकडे बोअरची तक्रार केलीस की मी विषय बदलायचे. पहिल्यांदा लाल पाणी आलं, तेव्हा मी तुला फिल्टर आणून दिला. तू म्हणालीस, बहीण असावी तर अशी. … तो फिल्टर बघवत नाही गं मला तुझ्या स्वयंपाकघरात.

… काय? … हो. नोकरीसाठी. … मंडळ झालं तर मी कारकून, नाही झालं तर परत घरी. आणि घरी म्हणजे तुझ्याच घरी. तुझ्या मधल्या खोलीत राहत होते मी तेव्हा. भावोजी काही बोलायचे नाहीत, पण मी जेवायला बसले की उठून रेडिओ लावायचे. … नाही, त्यांना दोष नाही देत. दीड वर्ष ठेवून घेतलंत तुम्ही मला. कोण ठेवतं.

… काय म्हणालीस? … परत म्हण. पंपाचा आवाज होता.

… तू स्वतःच पूस म्हणाली असतीस?

… नुसतं विचारायचं होतं. … हो. … तू म्हणाली असतीस, जाऊ दे गल्ली, तुझं आधी मार्गी लागू दे. … ताई, असं नको बोलूस. शिव्या दे. थोबाडीत मारते म्हण. हे नको. … खरंच म्हणाली असतीस, मला माहितीये ना. म्हणूनच तर. विचारलं असतं तर तू हो म्हणाली असतीस, आणि मग जन्मभर ते उपकार… हो. विचारायला लाज वाटली, आणि न विचारता घ्यायला नाही वाटली. अशी आहे मी.

रडत नाहीये. … नाही म्हटलं ना.

… कोण गेलं नाही? … इंजिनिअरसाहेबांची बायको वारली तेव्हा. … हो, तू गेली नाहीस. … समोरचं घर. दारात अख्खी गल्ली जमली होती, तू एकटी दुकानात. … ताई, मी होते तिथे. विसरलीस? रविवार होता, मी तुझ्या काउंटरवर घड्या घालत होते. तू इस्त्री खाली ठेवलीस आणि मला विचारलंस, जाऊन येऊ का गं? … मला विचारलंस तू. आणि मी घडी घालत राहिले. नंतर म्हणाले, तुझं तू बघ. … तेव्हा सांगितलं असतं तर तू गेली असतीस. मला माहीत होतं.

… त्यांना कळलंही असेल, कोण आलं, कोण नाही. … हो. अशा वेळी कळतंच माणसाला.

… हं. … हो. … ऐकतेय. … आत्ता जातेस त्यांच्याकडे? … मीपण येते. दहा मिनिटांत पोचते. … नको. … बरं. नाही येत.

… चारला मी तुझा कागद सगळ्यांसमोर ठेवते. पहिली मीच बोलते, तू तोंडसुद्धा उघडू नकोस. … नळ मिळेल. मिळायलाच हवा, कागदावर तारीख आहे, सही आहे. … माझं काय, घालवतील. घालवू दे. रोखेवाले विचारायला येतील, अध्यक्ष ओरडतील. ते सगळं नंतर. … खरंच ठेवते. … हो. सहा वर्षं थापा मारल्यावर तू का विश्वास ठेवावास. … बरोबर आहे तुझं.

… मग आत्ताच पाठव कुणाला तरी. मी पाकिटात घालून ठेवते, तुझ्या हातात येऊ दे. प्लंबर मोकळा असेल तर… नाही? … मग कुणाला पाठवतेस? तुझ्याकडे कामाला असलेल्या त्या दोघींपैकी… नाही. … ताई, कुणाला?

… इंजिनिअरसाहेबांना?

… ताई, नको ना. त्यांच्या हातात मी… कसं देऊ? … सुनावणीला यायचंच आहे त्यांना, वाटेतच आहे ऑफिस, हे बरोबर आहे, पण… साडेतीनला. … एकटेच येणार. … बरं. … हो, दार उघडंच ठेवते. खाली नाही बसवत, इथे वर घेते. … हो, ताई.

… पण तू त्यांना काय सांगून पाठवणार आहेस? … काहीच नाही? नुसतं, माझ्या बहिणीकडे एक कागद आहे तो घेऊन या, एवढंच? … आणि बाकीचं… … मी. … माझ्या तोंडून.

… हो. … हो, ताई. … कुठून सुरुवात करू तेवढं तरी सांग. … हॅलो? … ताई? … हॅलो?